‘पाहुणे कुठले?’ : कुपवाडच्या एका हळद कारखान्यातील नोकरभरतीचे प्रकरण

कुपवाड औद्योगिक वसाहतीत हळद दळून, चाळून, पाकिटबंद करून विकणारा एक छोटा कारखाना आहे. मालकांच्या वडिलांची सांगलीच्या मार्केट यार्डात अडत होती. सौद्यात घेतलेली हळद दुसऱ्याला विकण्यापेक्षा आपणच दळून विकावी, या विचारातून हा कारखाना उभा राहिला. ऑफिस, मशीन आणि हमाली धरून वीसेक माणसे तिथे काम करतात. गेल्या हंगामाच्या तोंडावर या कारखान्याला साठा आणि रवानगी सांभाळणारे एक माणूस हवे होते, आणि त्या एका जागेसाठी सल्लागार म्हणून मला बोलावले गेले. त्या भरतीची ही नोंद आहे. कोणाचेही नाव दिलेले नाही आणि उमेदवार ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

पगाराच्या मानाने जागा लहान, पण कामाच्या दृष्टीने नाजूक होती. जानेवारीपासून नवी हळद बाजारात येऊ लागते आणि मेपर्यंत गोदामात पोत्यांच्या थप्प्या वाढत जातात. राजापुरी हळदीचा लॉट वेगळा, सेलम हळदीचा वेगळा. कोणता लॉट कोणत्या दिवशी दळला आणि त्यातून कोणत्या बॅच नंबरची पाकिटे निघाली, हे लिहून ठेवले नाही तर एखाद्या दुकानदाराची तक्रार आल्यावर ती कुठल्या मालाची हेच शोधता येत नाही. शिवाय चलन, बिल, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला), गाडीवाल्याशी बोलणे, बाहेरगावच्या व्यापाऱ्याचे फोन. या जागेवर आधी नेमलेली दोन माणसे काही महिन्यांतच गेली होती. दोघेही ओळखीतून आलेले होते. मालकांचे निदान सरळ होते : हल्ली माणसे टिकत नाहीत. माणसे कशी निवडली जातात याकडे मात्र कोणी पाहिले नव्हते.

जुनी रीत

पूर्वीची जाहिरात फाईलमध्ये होती. ती अशी : ‘पाहिजे. हुशार, तरुण, होतकरू मुलगा. अकाउंट येणारा. सांगलीतील रहिवासी. दुचाकी आवश्यक.’ ही जाहिरात वर्तमानपत्रात क्वचितच जाई. ती मालकांच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ट्रान्स्पोर्टवाल्याकडे आणि कर सल्लागाराच्या ऑफिसात पोहोचे, आणि तिथूनच नावे येत. म्हणजे पहिली चाळणी अर्ज येण्याआधीच लागलेली असे. मालकांचे वर्गमित्र, नातेवाईक आणि व्यवहारातली माणसे ज्या घरांतली आहेत, त्याच घरांतले उमेदवार पुढे येत, आणि ‘आमच्याकडे दुसरे कोणी अर्जच करत नाही’ हे मालक अगदी प्रामाणिकपणे सांगत.

मजकुरातला प्रत्येक शब्द तपासला तर कामाशी संबंध असलेला शब्द एकच, ‘अकाउंट’, आणि तोही मोघम. ‘मुलगा’ या शब्दाने निम्मे उमेदवार बाहेर ठेवले. ‘तरुण’ या शब्दाने बंद पडलेल्या दुकानातून किंवा गिरणीतून आलेला चाळिशीचा अनुभवी कारकून वगळला. दुचाकी कशासाठी, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की कधी बँकेत जावे लागते. बँक मात्र पायी जाण्याच्या अंतरावर होती. ‘सांगलीतील रहिवासी’ या अटीने तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत या तालुक्यांतील माणसे दूर राहिली. वास्तविक बेदाण्याच्या शीतगृहांत आणि सौद्यांत काम करून मालाची मोजदाद हाताखालून गेलेली कितीतरी माणसे त्याच पट्ट्यात आहेत.

मुलाखतीतला पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘गाव कुठलं? पाहुणे कुठले?’ आपल्या भागात हा प्रश्न आपुलकीचा मानला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. पण आडनाव, गाव आणि सोयरीक या तीन गोष्टी कळल्या की जातीचा अंदाज येतो, घराच्या ऐपतीचा अंदाज येतो, आणि समोरचा ‘आपल्यातला’ की ‘बाहेरचा’ हे मनात ठरून जाते. त्यानंतरची मुलाखत ठरलेल्या निकालाला कारणे शोधण्यापुरती उरते. आपल्यातला उमेदवार अडखळला तर ‘शिकेल हळूहळू’, आणि बाहेरचा अडखळला तर ‘याला जमणार नाही’. उत्तर तेच, अर्थ मात्र दोन.

मालक जातीयवादी नाहीत. त्यांच्या गोदामात सर्व समाजांची माणसे आहेत आणि अडीअडचणीला ते सगळ्यांच्या घरी जातात. तरीही ऑफिसातल्या चार खुर्च्यांवर आजवर बसलेली माणसे एकाच प्रकारच्या घरांतून आली, याकडे त्यांचे लक्ष कधी गेले नव्हते. नकळत काम करणारा पूर्वग्रह असाच असतो : तो द्वेषातून येत नाही, ओळखीतून आणि विश्वासातून येतो, म्हणून तो धरणाऱ्याला दिसत नाही.

हे एका कारखान्यापुरते नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतातील खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवण्यात आले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश निघाली. त्या अर्जांमागे प्रत्यक्ष माणूस नव्हता, मुलाखत झालेली नव्हती. फरक फक्त नावाचा होता.

विश्वासाचा प्रश्न

मालकांनी पहिल्याच बैठकीत जो आक्षेप घेतला तो मला रास्त वाटला. ते म्हणाले, ‘गोदामाची किल्ली या माणसाच्या हातात असते. ओळखीचा असला की निदान घर तरी माहीत असतं. उद्या काही झालं तर मी कुणाकडं जाऊ?’ मोठ्या कंपनीला एक चुकीची नेमणूक पचते. वीस माणसांच्या कारखान्यात एक माणूस म्हणजे एक पूर्ण विभाग असतो. तेव्हा विश्वासाची गरज खोटी ठरवून चालणार नव्हते. विचारायचे ते एवढेच, की नात्याने विश्वासाचे काम खरोखर होते का.

आधीच्या दोन नेमणुकांत ते झाले नव्हते. एकाच्या काळात साठ्याचे रजिस्टर तीन आठवडे मागे पडले, आणि तो ट्रान्स्पोर्टवाल्याच्या घरातला असल्यामुळे त्याला स्पष्ट बोलायला कोणी धजावले नाही. ओळख इथे जामीन ठरली नाही, उलट तिने जाब विचारण्याची सोय काढून घेतली. म्हणून विश्वासासाठी वेगळी तजवीज केली. रवानगीच्या प्रत्येक चलनावर दोन सह्या, दर शनिवारी रवानगीशी संबंध नसलेल्या माणसाकडून पोत्यांची मोजणी, आणि निवड होण्याआधी प्रत्येक उमेदवाराच्या आधीच्या मालकाला फोन करून तेच तीन प्रश्न : काम काय होते, हिशेबात चूक झाली तेव्हा या माणसाने काय केले, आणि पुन्हा जागा निघाली तर घ्याल का. हे प्रश्न ओळखीच्या उमेदवारासाठीही विचारायचे, हे आधीच कबूल करून घेतले.

दुसरा आक्षेप मालकांच्या वहिनींचा होता. हिशेब त्याच पाहतात. पूर्वग्रहावर एखादे व्याख्यान ठेवावे, म्हणजे सगळ्यांना समज येईल, असे त्यांनी सुचवले. हेतू चांगला होता, पण मी त्याला नकार दिला. मनातील नकळत कल बदलण्याच्या उपायांवरील ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की चाचणीतील कल थोडाफार हलवता येतो, पण त्यामुळे माणसाचे वागणे बदलते असे दिसत नाही. मन धुऊन काढण्याचा खटाटोप करण्यापेक्षा निर्णय घेण्याचा क्रम बदलावा, असे माझे मत आहे. काय हवे ते आधी लिहायचे, माणूस नंतर पाहायचा.

तयारी

पहिले काम म्हणून मालक, वहिनी आणि जुने सुपरवायझर (त्यांना सगळे मामा म्हणतात) यांनी वेगवेगळे बसून या जागेवरचा माणूस दिवसभरात काय करतो ते लिहिले. तिन्ही कागद जुळले नाहीत. मालकांच्या कागदावर ‘स्मार्ट हवा’ होते, वहिनींच्या कागदावर टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) आणि ई-वे बिल होते, आणि मामांनी लिहिले होते : ‘पोती मोजता आली पाहिजेत. चूक झाली तर सांगितली पाहिजे.’ या प्रकरणातले सर्वात मोलाचे वाक्य मला हेच वाटते. पुढची सगळी परीक्षा त्यावर उभी राहिली.

रात्रीच्या गाडीचा प्रश्न याच बैठकीत निघाला. ‘रात्री गाडी लागते, बाईमाणसाला कसं जमणार?’ असे मामांनी विचारले. गेटवरचे रजिस्टर काढून पाहिले. रात्री गाडी भरल्याच्या नोंदी फक्त ऐन हंगामात आणि मोजक्याच होत्या, आणि त्या प्रत्येक वेळी मामा स्वतः हजर होते. रवानगीचा कारकून संध्याकाळीच कागद तयार करून घरी गेलेला होता. वर्षानुवर्षे जी अट कामाची गरज म्हणून सांगितली जात होती, ती प्रत्यक्षात कोणी पाळतच नव्हते. यातला कायद्याचा भागही सांगावा लागला : भरतीत स्त्री म्हणून भेद करण्यास समान वेतन कायदा, १९७६ ने मनाई केली होती आणि वेतन संहिता, २०१९ मध्ये ती मनाई कायम आहे. ‘मुलगा पाहिजे’ असे छापणे ही केवळ सवयीची गोष्ट नाही.

बाळंतपणाच्या रजेची धास्ती मालकांनी उघड बोलून दाखवली नाही, पण ती होती. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा द्यावी लागते, एवढे त्यांना माहीत होते. त्यांच्या कारखान्याची ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, नोंदणी आहे आणि या जागेचा पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेत आहे, त्यामुळे रजेच्या काळातला लाभ महामंडळ देते, मालकाच्या गल्ल्यातून तो जात नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते. अडचण उरते ती त्या काळात बदली माणूस शोधण्याची, आणि तशी अडचण तर पाय मोडलेल्या पुरुष कारकुनाच्या बाबतीतही येते.

नवी जाहिरात लांबली, पण स्पष्ट झाली. रोजचे काम, वेळ, पगाराचा आकडा, टॅलीचे जुजबी ज्ञान, आणि ‘स्त्री-पुरुष कोणीही, वयाची अट नाही’. ती ओळखीच्या ग्रुपवरही गेली, कारण ओळखीतून येणाऱ्याला बंदी नव्हती, फक्त रांग एकच होती. त्याशिवाय ती स्थानिक वर्तमानपत्रात, मिरजेतल्या आणि जतमधल्या संगणक वर्गांत आणि सरकारच्या महास्वयम पोर्टलवर गेली.

आलेल्या अर्जांवर वहिनींनी क्रमांक टाकले, आणि नाव, पत्ता, फोटो, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती झाकून प्रती काढल्या. हा उपाय छोट्या गावात अर्धाच लागू पडतो, हे मान्य केले पाहिजे. शाळेच्या नावावरून तालुका कळतो, आधीच्या दुकानाच्या नावावरून समाज कळतो, आणि एका अर्जाचे अक्षर पाहून मामांनी ‘हा अमक्याचा पोरगा’ असे सांगूनही टाकले. तरी पहिल्या यादीत त्याचा परिणाम दिसला. पूर्वीच्या रीतीने मालकांनी निवडलेली पाच नावे आणि क्रमांकांवरून निघालेले पाच अर्ज यांत फक्त दोनच समान होते.

परीक्षेचा दिवस

मुलाखतीची वेळ मालकांनी सकाळी साडेनऊची ठरवली होती. जतहून एसटीने येणाऱ्याला त्यासाठी पहाटे निघावे लागले असते, आणि गाडी चुकून तो उशिरा पोहोचला असता तर पहिला शेरा ‘बेफिकीर’ असा पडला असता. वेळ साडेअकराची केली आणि येण्याजाण्याचे भाडे सर्वांना दिले. एवढ्या साध्या गोष्टीने किती उमेदवार आधीच बाद होतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

प्रत्येकासमोर तेच कागद ठेवले. एका लॉटची आरंभीची शिल्लक २४० पोती. आवक पावत्यांप्रमाणे ६०, जावक चलनांप्रमाणे ८५. गोदामातील मोजणी २१५. रजिस्टरमधली शिल्लक मात्र २१८. कागदांच्या गठ्ठ्यात एक चुरगळलेली चिठ्ठी होती : ‘३ पोती फाटली, दुसऱ्या बारदानात भरली.’ नव्या बारदानात भरलेली तीन पोती रजिस्टरमध्ये पुन्हा आवक म्हणून चढली होती. ही चूक शोधायची आणि पुढे काय कराल ते चार ओळींत लिहायचे. त्यानंतर फोनचा प्रसंग : गाडी पेठ नाक्यावर आहे, अवकाळी पावसात ताडपत्री सुटून दोन बॉक्स भिजले आहेत, कराडचा व्यापारी वाट पाहतो आहे, कोणाशी आधी बोलाल आणि काय बोलाल? सर्व मिळून तासाभराचे काम होते. याहून मोठी परीक्षा घेणे म्हणजे फुकट काम करून घेणे झाले असते.

गुणांसाठी पाच बाबी ठरल्या होत्या आणि प्रत्येक बाबीत दोन गुण कशाला, चार कशाला, हे आधी लिहिले होते. तिघांनी आपापले गुण एकमेकांशी न बोलता लिहायचे, आणि एक बाब सर्व उमेदवारांसाठी संपवून मगच दुसरी घ्यायची. याला कारण आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० सालीच दाखवले होते की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना गुण देताना शरीरयष्टी, बुद्धी आणि चारित्र्य यांचे गुण एकमेकांना चिकटवतात; एक गोष्ट आवडली की बाकीच्याही चढतात. माणसे निवडण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींवरील संशोधनाचा पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरआढावा घेतला, त्यातही पुढच्या कामगिरीचा अंदाज देण्यात सर्वांना सारखे प्रश्न विचारणारी बांधीव मुलाखत सर्वात वर राहिली.

पाच उमेदवारांपैकी एक, ट्रान्स्पोर्टवाल्याचा भाचा, नीटनेटका होता, बोलण्यात सफाईदार होता आणि फोनच्या प्रसंगात सर्वांत चांगला ठरला. हिशेबात मात्र त्याने आवक ६३ धरून बेरीज २१८ ला जुळवून दिली. चिठ्ठीचा उल्लेखही केला नाही. जुन्या रीतीने झालेल्या मुलाखतीत हा कागदच समोर आला नसता.

जत तालुक्यातून आलेल्या उमेदवाराने तासगावच्या एका शीतगृहात काम केलेले होते. त्याने चूक लगेच धरली. त्याच्या मराठीला कानडीची धाटणी होती, वाक्ये तुटक होती. मामांनी ‘संभाषण’ या बाबीत त्याला २ गुण दिले आणि कारण लिहिले, ‘बोली वेगळी’. दोन गुण कशाला द्यायचे, हे कागदावर वाचायला सांगितले : ‘गाडीवाला, व्यापारी आणि ऑफिस यांपैकी एकालाही नीट कळवत नाही.’ त्याने तर तिघांनाही कळवले होते, आणि व्यापाऱ्याला दुसरे बॉक्स कधी पोहोचतील हेही सांगितले होते. मामांनी स्वतःच्या हाताने २ चा ४ केला. पुढच्या चर्चेत हेही निघाले की हुबळी आणि विजयपूरच्या व्यापाऱ्यांशी कानडीत बोलणारा माणूस कारखान्यात एकही नाही. जी गोष्ट उणीव म्हणून लिहिली जात होती ती कामाला येणारी होती.

मिरजेहून आलेला एक मुस्लिम उमेदवार पाचांत होता. पूर्वीच्या भरतीत असे नाव मुलाखतीपर्यंत कधी पोहोचले नव्हते. संगणकावर तो चांगला होता, हिशेबाच्या कागदात त्याला मध्यम गुण मिळाले आणि तो निवडला गेला नाही. त्याला फोन करून कोणत्या बाबीत कमी पडला ते सांगितले. कारण कागदावर असल्यामुळे ते सांगताना कोणाला अवघडल्यासारखे झाले नाही.

सर्वाधिक गुण एका तिशीतल्या बाईंना मिळाले. लग्नाआधी त्यांनी मिरजेतल्या औषधांच्या घाऊक दुकानात काम केले होते, मग मुलाच्या संगोपनात काही वर्षे गेली. औषधांच्या दुकानात बॅच नंबर आणि मुदत सांभाळण्याची सवय लागते, आणि ती त्यांच्या उत्तरात दिसली. त्यांनी लिहिले की रजिस्टरमधली चुकीची नोंद खोडू नये, आजच्या तारखेने दुरुस्तीची नोंद करावी, चिठ्ठी तिथे टाचावी आणि मालकांची सही घ्यावी. घरी कोण असते, मुलाला कोण पाहील, दुसऱ्या अपत्याचा विचार आहे का, हे प्रश्न विचारायचे नाहीत असे ठरले होते. मालकांनी ते पाळले. वेळ सर्वांना सारख्याच शब्दांत सांगितली आणि ती जमेल का एवढेच विचारले.

त्यांची निवड झाली. मध्ये खंड पडला म्हणून त्या कमी पगारावर यायला तयार होत्या आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. पगार जाहिरातीत छापलेला होता, तोच दिला. भरतीतला भेद नाव-गावाच्या चाळणीतून सुटला तरी पगाराच्या घासाघिशीत परत शिरतो, म्हणून आकडा आधी छापण्याचा आग्रह मी सर्वच छोट्या मालकांकडे धरतो.

त्यानंतर

हंगामात माल वाढल्यावर गोदामासाठी एक तात्पुरती जागा निघाली. तेव्हा नव्याने शोधाशोध न करता गुणांच्या यादीतील दुसऱ्याला, जतच्या उमेदवाराला बोलावले. ट्रान्स्पोर्टवाले काही दिवस नाराज होते. मालकांनी त्यांना भाच्याचा हिशेबाचा कागद दाखवावा की नाही यावर वाद झाला आणि तो दाखवला नाही. ते योग्यच झाले, कारण उमेदवाराचा कागद उमेदवाराचा असतो.

या पद्धतीने निवडलेले माणूस जुन्या पद्धतीच्या माणसापेक्षा चांगलेच निघाले, असे एका हंगामावरून म्हणता येणार नाही. भाच्याला घेतले असते तर तो शिकला नसता असेही नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की शनिवारची मोजणी आणि रजिस्टर आता जुळते, आणि न जुळल्यास त्याच दिवशी कळते. वेळेचा खर्चही खरा होता : तिघांचे दोन अर्धे दिवस आणि वहिनींच्या दोन संध्याकाळी.

मामा वर्षभरात निवृत्त होणार आहेत आणि ही पुढची भरती अधिक अवघड आहे. सुपरवायझरची जागा आतल्याच माणसाला द्यायची असे ठरले आहे, आणि मालकांच्या मनात एक नाव आहे. पॅकिंगच्या मशीनवर गेली अनेक वर्षे काम करणाऱ्या दोन बायकांना त्या जागेसाठी विचारावे, हे अजून कोणाच्या तोंडून आलेले नाही. मामांच्या कामाची यादी लिहायला मात्र सुरुवात झाली आहे, आणि ती पूर्ण होईपर्यंत कोणाच्याही नावाची चर्चा करायची नाही, हे मालकांनी मान्य केले आहे.